शून्य फरक

वैजयंती लोमटे नेमकं काय काम करते, असं प्रालेय कंपनीत कुणाला विचारलं, तर निम्मे लोक गप्प बसले असते आणि उरलेले "सर्व्हरचं काहीतरी बघतात त्या" असं म्हणून चहाकडे वळले असते. खरं तर काम सांगायला सोपं होतं. कंपनी लसी आणि औषधं थंड ठेवून राज्यभर पोचवायची, आणि त्या औषधांच्या मागेपुढे धावणाऱ्या फाईली वैजयंती पोचवायची. कुठल्या गोदामात शीतकपाटाचं तापमान किती, साठा किती, कुणाची मागणी काय. दवाखाने, बँका, सरकारी खाती, गोदामं, प्रत्येकाचा मार्ग वेगळा, कुलूप वेगळं, किल्ली वेगळी, वेळ वेगळी. फाईल निघाली का, वाटेत कुणी उघडली तर नाही ना, पोचल्याची पोच आली का, हे सगळं छत्रपती संभाजीनगरच्या त्या काचेच्या इमारतीत, कोपऱ्यातल्या एका टेबलावरून ती सांभाळायची. सुरळीत चाललं की तिची आठवण कुणालाच यायची नाही. अडलं की सगळ्यांना एकदम यायची.

या धंद्यात एक रीत आहे. नवा मार्ग जोडला की आधी एक चाचणी फाईल पाठवायची. तिच्यात काय लिहायचं याला काही नियम नाही. बहुतेक लोक 'टेस्ट' लिहितात, फार तर एक-दोन-तीन. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सीमेवरच्या सिरोंच्याचं गोदाम जोडलं तेव्हा तिथून आलेल्या चाचणी फाईलमध्ये मात्र लिहिलं होतं, "आज भात आणि आंबाडीची भाजी. पोचलं का?"

वैजयंतीला हसू आलं. तिनं उलट चाचणी फाईल पाठवली, "पोचलं. मीठ बेताचं आहे."

काम सुरू झालं की चाचणीचा मार्ग बंद करायचा, हा नियम तिनंच लिहिलेला होता. सिरोंच्याच्या बाबतीत तिनं तो मोडला. रोज सकाळी तापमानाची फाईल यायची आणि तिच्या पाठोपाठ चाचणीची. गोदाम सांभाळणाऱ्याचं नाव व्यंकटी दुर्गम. तो आधी 'मॅडम' लिहायचा, मग 'ताई' लिहू लागला. ती त्याला व्यंकटीभाऊ म्हणू लागली. माणूस तसा तिरसट होता. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देईल तर शपथ. ती विचारायची, "पाऊस आहे का?" तो लिहायचा, "प्राणहितेवर आज तीन नावा." कधी नुसतंच "ठीक." कधी दोन-दोन दिवस काहीच नाही, आणि मग अचानक नातीच्या दातांबद्दल सविस्तर माहिती. वैजयंती त्याला आईबद्दल लिहायची. घरात त्या दोघीच. आई गॅलरीत बसून अख्ख्या सोसायटीवर देखरेख करायची, आणि संध्याकाळी बातम्या देणाऱ्या बाईच्या साडीला नावं ठेवायची. "आज साडीला नावं ठेवली, म्हणजे तब्येत बरी आहे," असं ती लिहायची. दोघांनी एकमेकांचा फोन नंबर कधी मागितला नाही. मागावासा वाटला नाही असं नाही, पण मागितला असता तर हे जे काही होतं, त्याला नाव द्यावं लागलं असतं.

मग कंपनीत 'अनुमान' आलं.

कल्पना साधी होती. फाईली बहुतेक रोज सारख्याच असतात. कपाट काल चार अंशांवर होतं, आजही चारच्या आसपासच असणार. मग अख्खी फाईल पाठवायचीच कशाला? मार्गाच्या दोन्ही टोकांना एकसारखी दोन यंत्रं बसवायची, दोघांनाही आजवरच्या सगळ्या फाईली शिकवायच्या. आजची फाईल काय असेल, याचा अंदाज दोन्ही यंत्रं बांधतात. शिकवण एकच असल्यामुळे अंदाजही एकच निघतो. पाठवणाऱ्या टोकाला खरी फाईल हातात असते. ते खरी आणि अंदाजाची ताडून बघतं आणि फक्त फरक पाठवतं. घेणारं टोक आपल्या अंदाजात तो फरक मिळवतं, की झाली मूळ फाईल तयार, अक्षरासकट. अंदाज तंतोतंत बरोबर निघाला तर पाठवायला काही उरतच नाही. नुसता 'शून्य' असा एक इवलासा इशारा जातो.

सिरोंच्यासारख्या ठिकाणी, जिथं नेटवर्क पाहुण्यासारखं येऊन जायचं, तिथं ही मोठीच सोय झाली. अडचण एवढीच होती की तो इवलासा इशाराही कधीकधी वाटेत हरवायचा. तेव्हा यंत्रानं काय करावं? तीन पर्याय होते: थांबावं, ओरडावं, किंवा फरक शून्य आहे असं धरून अंदाज मान्य करावा. वैजयंतीनं आधी 'ओरडा' ठेवलं. त्या आठवड्यात सिरोंच्याचा लाल दिवा इतक्यांदा लागला की तिचा साहेब, साकेत बर्दापूरकर, स्वतः टेबलापाशी आला.

"मॅडम, हे लाल लाल वरपर्यंत दिसतं. काहीतरी करा ना."

साकेत तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता आणि वाईट अजिबात नव्हता. त्याला फक्त हिरवा रंग आवडायचा. तिनं 'मान्य करा' निवडलं, दोन्ही टोकांना. चाचणीचा मार्गही त्याच गठ्ठ्यात होता, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. कागदोपत्री तो मार्ग अस्तित्वातच नव्हता.

जानेवारीत तिची आई गेली. आजारपण असं नाहीच, सकाळी रोजच्यासारखं चहात आलं कमी आहे म्हणाली आणि दुपारी गेली. भाऊ बंगळुराहून आला, दिवसपाणी उरकले, घर विकायचं का असं हळूच विचारून परत गेला. ऑफिसात सगळ्यांनी एकेक वाक्य बोलून आपलं कर्तव्य पार पाडलं. पहिल्या दिवशी कामावर आल्यावर तिनं चाचणीची फाईल उघडली आणि लिहिलं, "व्यंकटीभाऊ, आई गेली."

दुसऱ्या सकाळी उत्तर होतं. "ताई, घरातली एक खुर्ची रिकामी झाली की अख्खं घर अनोळखी होतं. जेवण टाळू नका. मी रोज विचारणार आहे."

आणि तो खरंच रोज विचारू लागला. जेवलात का, झोप लागते का, गॅलरीत बसता का. ती 'हो' लिहायची, आणि 'हो' लिहिता यावं म्हणून डबा उघडायची. त्या दिवसांत तिला तेवढा एकच आधार होता. हा तिरसट माणूस इतका मायेचा निघेल असं तिला वाटलं नव्हतं. आता तो एकही प्रश्न चुकवायचा नाही, एकही दिवस गाळायचा नाही. दुःखात माणसं कळतात असं तिनं मनाशी म्हटलं, आणि घरी जाऊन कुलूप उघडताना तिला कालच्यापेक्षा थोडी कमी भीती वाटली.

होळीच्या आसपास महिन्याची बैठक झाली. साकेतनं भिंतीवर आलेख लावला आणि म्हणाला, "आता आपला नंबर एकचा मार्ग. दिवाळीपासून सलग शून्य फरक. अनुमानचा एकही अंदाज चुकलेला नाही. सिरोंचा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वैजयंतीसाठीच वाजवल्या. इतक्या वर्षांत तिला टाळ्या मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

"माझा विचार आहे," साकेत पुढे म्हणाला, "की असं असेल तर तिथलं यंत्र ठेवायचंच कशाला? सगळं आपल्याला इथंच कळतंय."

बैठक संपली. टेबलाशी येऊन तिनं नोंदी उघडल्या. तापमानाच्या फाईलचा फरक शून्य असेलही एखादवेळेस. कपाट शहाणं असू शकतं. तिनं चाचणीच्या मार्गाची नोंद पाहिली. फरक शून्य. आदल्या दिवशी शून्य. त्याच्या आदल्या दिवशीही शून्य. 'खुर्ची रिकामी झाली की' या वाक्यापुढेही शून्य. आणि शून्य असल्याचा इशारा एकदाही आलेला नव्हता. दिवाळीनंतर सिरोंच्याहून काहीच आलेलं नव्हतं.

म्हणजे ती सगळी वाक्यं तिच्याच टेबलापासून दहा पावलांवर, थंड खोलीतल्या सर्व्हरनं लिहिलेली होती. तिनं जे लिहिलं ते वाचून, त्याला शोभेल असं पुढचं रचून. जो माणूस "पाऊस आहे का" याचं सरळ उत्तर देत नव्हता, तो रोज सकाळी जेवलात का विचारू लागला, याचं नवल इतक्या दिवसांत तिला वाटायला हवं होतं. तिला नवल वाटून घ्यायचं नव्हतं, हे त्यातलं खरं. आणि मग दुसरी भीती उभी राहिली. व्यंकटी दुर्गम होता कुठे? होता का?

नोंदीतला फोन नंबर नागपूरच्या जुन्या कंत्राटदाराचा निघाला. तो म्हणाला, "दुर्गम? असेल की. नसेल तर कुणीतरी कळवलं असतं ना."

तिनं साकेतला एवढंच सांगितलं की सिरोंच्याचं यंत्र स्वतः जाऊन तपासायला हवं. तो चकित झाला, कारण ते यंत्र सगळ्यांत चांगलं चाललेलं होतं. "जोडणी तुटलेली असू शकते," ती म्हणाली, "आणि चूक माझी आहे." साकेत हिरव्या आलेखाकडे बघत राहिला आणि मग त्यानं रजेऐवजी दौरा लिहून दिला.

निघण्याआधी तिनं चाचणी फाईलमध्ये लिहिलं, "मी येतेय." कोण उत्तर देणार हे माहीत असूनही सकाळी तिनं उत्तर वाचलं. "या ताई. आंबाडीची भाजी करतो." तिनं ते मिटलं.

नागपूर, चंद्रपूर, आलापल्ली. पुढे इलेक्ट्रिक बस सागवानाच्या जंगलातून तासन्‌तास जात राहिली. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं. व्यंकटीभाऊ नसलाच तर आपण तिथं जाऊन कुणाला काय विचारणार, हे ती मनात जुळवत होती आणि ते जुळत नव्हतं.

गोदाम गावाबाहेर होतं, सौरपत्रे लावलेली बसकी इमारत. दारात एक काळासावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस टोपलीत चिंचा निवडत बसला होता. तिनं नाव सांगितलं. तो उठून उभा राहिला आणि हात लुंगीला पुसले.

"लोमटेताई? तुम्ही?" तो म्हणाला. "पण तुम्ही कालच तर लिहलं, आईला सोडून कुठं जाता येत नाई म्हणून."

दोन्ही टोकांना 'मान्य करा' तिनंच ठेवलं होतं. इकडे तिला व्यंकटी मिळत होता, तर तिकडे त्याला ती मिळत होती.

"बसा ताई. उन्हातून आल्या तुम्ही," त्यानं खुर्ची आणली. "आईंना कोणापाशी ठेवलं?"

"आधी छतावरची तार बघू," ती म्हणाली.

तार बघायला वेळ लागला नाही. वानरांनी ती ओढून अर्धी खाली लोंबवली होती, केव्हाच. खाली यंत्रावर मात्र हिरवा दिवा होता.

"दिवा हिरवा हाय म्हणून मी बी वर चढलो नाई," व्यंकटी म्हणाला. "दोन नंबरचं कपाट बंद पडलं संक्रांतीला. तीनदा तक्रार केली तुमच्याकडं. तिन्ही वेळा उत्तर आलं, तक्रार नोंदवली आहे, कार्यवाही सुरू आहे."

"ते उत्तर आम्ही दिलेलं नाही, व्यंकटीभाऊ. यंत्रानं अंदाजानं दिलं."

"मंग अंदाज बरोबरच हाय की," तो गंभीरपणे म्हणाला. "पहिले बी तेच यायचं. मी औषधं एक नंबरात हलवली, चालून राहिलं."

तिला हसू आलं. तो पाणी आणायला आत गेला तेव्हा तिनं त्याच्या यंत्रावर चाचणीच्या फाईली उघडल्या. दिवाळीपासूनच्या सगळ्या. सगळ्या तिच्या नावानं.

"आईनं आज अर्धी वाटी उपमा खाल्ला." "आई म्हणते, समोरच्यांनी गाडी वाकडी लावली." "आज साडीला नावं ठेवली नाहीत, जरा काळजी वाटते." आणि दुसऱ्या दिवशी, "ठेवली. हिरव्यावर जांभळं कुणी नेसतं का, म्हणाली."

हे आईचंच होतं. असलं वाक्य आईनं कधी उच्चारलं नव्हतं, पण उच्चारलं असतं तर अगदी असंच. तिनं जानेवारीतल्या त्या तारखेची फाईल उघडली. "चहात आलं कमी आहे म्हणाली. उद्या जास्त घालेन." आणि मग उद्या आलेला होता, त्याच्या पुढचाही. आई फेब्रुवारीत सर्दीनं चिडलेली होती. होळीला तिनं पुरणपोळी मागितली होती. कालसुद्धा ती गॅलरीत बसली होती.

सिरोंच्यात तिची आई जिवंत होती.

वैजयंती तिथं बसून राहिली. काही न करता परत गेलं तर? तार जोडायची, तापमानाचा मार्ग सुरू करायचा आणि चाचणीचा मार्ग आहे तसा तुटलेला ठेवायचा. कुणाला कळणार नव्हतं; तो कागदावर नव्हताच. या टोकाच्या फाईलींची एक प्रत रोज स्वतःकडे वळवून घेणं तिच्या हातचा मळ होता. सकाळी ऑफिसात यायचं आणि आईनं आज काय खाल्लं ते वाचायचं. या माणसालाही बरंच वाटेल. त्याला रोज एक हसरी ताई मिळेल, जिच्या घरी काही वाईट घडत नाही. आणि तिला रोज कुणीतरी जेवलात का विचारेल. यात कुणाचं काय बिघडत होतं, हे तिनं प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. तिला लवकर सापडलं नाही.

व्यंकटी पाणी घेऊन आला. सोबत गुळाचा खडा होता.

"आईंना घेऊन यायचं होतं," तो म्हणाला. "माझी बायको रोज विचारते, आज कोणती साडी होती म्हणून. आम्ही बी आता तेच च्यानल लावतो."

तिनं पेला हातात धरला. त्याच्या घरात दोन माणसं रोज संध्याकाळी तिच्या आईची वाट बघत होती, आणि त्यांना आईच्या जागी काय मिळत होतं हे फक्त तिला माहीत होतं. त्या दोघांच्या तोंडावर हे चालू ठेवणं तिला जमेना.

"व्यंकटीभाऊ, आई गेली," ती म्हणाली. "जानेवारीत. मी तुम्हाला लिहिलं होतं. ते पोचलं नाही."

त्यानं यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं सगळं समजावून सांगितलं, फरक, शून्य, अंदाज, आणि तिनं निवडलेला पर्याय. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"अन् मी काय लिहलो मंग, तुम्हाला?"

तिनं सांगितलं. रिकामी खुर्ची, अनोळखी घर, रोजचं जेवण. ती वाक्यं तिला पाठ होती. त्यानं मान खाली घालून ऐकली.

"लय चांगलं लिहलं," तो म्हणाला. "मला नसतं आलं तसं."

"तुम्ही काय लिहिलं असतं?"

चिंचांवर माश्या बसत होत्या; त्यानं त्या हाकलल्या. काही सुचलं नाही बहुतेक, कारण थोड्या वेळानं तो आत गेला आणि बायकोशी तेलुगूत हळू आवाजात काहीतरी बोलला. आतला चालू असलेला टीव्ही बंद झाला. तो परत येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसला, आणि ऊन कलेपर्यंत दोघं काही न बोलता बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तार जोडून तिनं दोन्ही मार्गांचा पर्याय बदलला: थांबा. त्याच्या यंत्रातल्या तिच्या नावाच्या फाईली पुसण्याआधी तिचं बोट बराच वेळ अडलं. मग तिनं त्या पुसल्या. आईला दुसऱ्यांदा निरोप दिल्यासारखं तिला वाटलं, आणि या वेळी सोबतीला भाऊही नव्हता.

संभाजीनगरला ती परतली तेव्हा घर होतं तसंच होतं. ऑफिसात तापमानाची फाईल नियमित येऊ लागली, कपाटाचा दुरुस्तीवाला गेला, साकेतनं सगळ्या मार्गांचे पर्याय तपासायला लावले. चाचणीच्या मार्गापुढे मात्र रोज 'थांबा'चा पिवळा दिवा असायचा. सकाळी ती तो बघायची, दुपारी डब्याच्या वेळी बघायची. कुणी जेवलात का विचारत नव्हतं, आणि दोनदा ती डबा न उघडताच घरी गेली.

साकेत एकदा टेबलापाशी थांबला. "मॅडम, हा पिवळा कसला? यादीत तर नाही."

"माझा आहे," ती म्हणाली. "राहू दे."

तो आपल्या टेबलाकडे वळला.

एका सकाळी दिवा पिवळ्याचा हिरवा झाला. अनुमानानं आपला अंदाज तयार ठेवलेलाच होता, आई, आठवण, काळ, सगळं नेटकं बसवलेला. त्यातलं एकही अक्षर जुळलं नव्हतं. फरकाच्या रकान्यात अख्खी फाईल आलेली होती.

"ताई, तुम्ही गेल्यापासून रोज बसतो लिहाले. काय लिहावं ते समजून नाई राहिलं. बायको टीव्ही लावत नाई. आज भात खाली लागला. पोचलं का?"

वैजयंतीनं ते दोनदा वाचलं आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा, ऑफिसातल्या सगळ्यांच्या देखत, ती रडली. आजूबाजूच्यांनी आपापल्या स्क्रीनवर नजरा रोवल्या. मग तिनं डोळे पुसले, डबा उघडून समोर ठेवला, आणि उत्तर लिहिलं, "पोचलं."